वर्तणूक चांगली

बोईसरच्या बाजारात जमनाशी भाव करायला नवखं गिऱ्हाईकच धजतं. बाकीच्यांना ठाऊक आहे, ही बाई एकदा बोलली की बोलली. किनाऱ्यावरच्या दांडी गावची जमना, नामदेव खलाशाची बायको. सुके बोंबील नि जवळा विकते. स्वतः सातवीपर्यंत शिकली, पण एकुलत्या एक लेकीला, हिमानीला, तिनं हट्टानं बोईसरच्या इंग्रजी शाळेत घातलं.

हिमानी हुशार होती, पण शाळेच्या मापात बसत नव्हती. घंटा कर्कश वाजली की दोन्ही कान गच्च दाबून धरायची. वर्गात गलका वाढला की कोणाला न विचारता उठायची आणि व्हरांड्यात जाऊन बसायची. फळ्यावरचं उतरवून घे म्हटलं की घ्यायची नाही. सातवीत बाईंनी आईवरचा निबंध फळ्यावर लिहून दिला. आई गृहिणी आहे, हळू आवाजात बोलते, कधी रागावत नाही. पन्नास पोरांनी तो निमूट उतरवला. हिमानीनं वही मिटली.

"माझी आई अशी नाय," ती म्हणाली. "ती ओरडते."

त्यापायी आठवडाभर तिला वर्गात मागे उभं केलं. जमनाला हे कळलं तेव्हा ती आधी हसली आणि मग तिला रडू आलं.

एप्रिलात मुख्याध्यापिकांनी जमनाला बोलावून घेतलं. "आठवीपासून अभ्यास वाढतो," त्या म्हणाल्या. "तुमची मुलगी इथे रमत नाही आणि दुसऱ्यांनाही रमू देत नाही. दुसरी शाळा बघा. नाहीतर घरीच ठेवा. तुमच्यात मुलींना तसंही लवकर कामाला लावतात ना?"

जमना खुर्चीतून उठली. "आमच्यात काय करतात ते मला ठाव हाय, मॅडम. तुमी शाळेचं बोललात, तेवढं मी ऐकलं."

त्या दिवसापासून ती शाळा शोधायला लागली. शाळा कशी पारखायची हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. मासळी पारखायची कशी, ते येत होतं. वरची चकाकी बघायची नाही, खालचा थर उचलून बघायचा. म्हणून इमारत, मैदान, बस यांतलं काही न विचारता ती प्रत्येक ठिकाणी एकच विचारायची, "पोर मधूनच वर्गातून उठून गेली, तर तुमी काय करता?"

पालघरच्या मोठ्या शाळेत उत्तर मिळालं, "आमच्याकडे कोणी उठत नाही." सालवडच्या शाळेत सांगितलं, "पालकांना फोन करतो, येऊन घेऊन जा." दोन्हीकडून ती पाणीसुद्धा न पिता निघाली.

बोटीवरून परतलेला नामदेव म्हणाला, "किती शोधशील? बसव घरात. तुझ्या हाताखाली शिकेल धंदा."

"धंदा तिला करायचा तर करील. पन शाळेनं हाकलली म्हनून नाय करनार," जमना म्हणाली.

वाट दाखवली भागीनं. भागी चिल्हारच्या पलीकडच्या पाड्यावरची वारली म्हातारी. दर पंधरवड्याला जमनाकडून जवळा नेऊन तिकडच्या आठवडी बाजारात विकायची. जमनाचं गाऱ्हाणं ऐकून ती म्हणाली, "बाय, आमचे पाड्यावरची शाळा बघ. माझी नात सोमी जाते. आधीच्या शाळेत तोंड उघडत नव्हती ती. आता मलाच शिकवते."

जूनमध्ये शाळा उघडल्यावर जमना हिमानीला घेऊन गेली. कौलारू तीन खोल्या, पुढे मोहाचं झाड, एका बाजूला सुतारकामाची पडवी. घंटा नव्हतीच. तास संपला की एक मुलगी दारोदार जाऊन सांगायची. शाळा चालवणाऱ्या दीपिकाताई गुडघाभर चिखलातून, वाफ्यात रोपं लावता लावता उठून आल्या. जमनानं त्यांनाही तोच प्रश्न टाकला.

दीपिकाताई म्हणाल्या, "कोणीतरी मागून जातो. कुठं बसली ते बघतो. तिला हवं असेल तर बोलतो, नाहीतर नुसते जवळ बसतो. सगळ्यांच्या बाबतीत जमतंच असं नाही. मागच्या वर्षी एक मुलगा आम्हाला नाही सांभाळता आला. तो शाळा सोडून गेला."

हे शेवटचं वाक्य जमनाला पटलं. मालातला वाईट भाग स्वतः दाखवणारा माणूस तिला बाजारात क्वचित भेटला होता.

"पन माझं एकटीचं नाय चालत," ती म्हणाली. "तिला विचारा."

हिमानी दिवसभर तिथं राहिली. संध्याकाळी आईला एवढंच म्हणाली, "उद्या पन येऊ."

रोज दांडीहून तिथवर येणं शक्य नव्हतं. सोमवार ते शनिवार हिमानी भागीच्या घरी राहील असं ठरलं, आणि गावात जणू आग लागली. नामदेवची थोरली बहीण काशीबाई अंगणात येऊन उभी राहिली.

"जमने, इंग्रजीतून काढून मराठीत? आनि पोर ठेवनार कुनाकडं, वारल्यांच्या घरी? नाक कापलंस आमचं!"

"काय झालं त्यांच्या घराला, आक्का?" जमनानं विचारलं. "माझा जवळा त्यांच्या चुलीवर शिजतो, त्यांच्या पैशानं माझी चूल पेटते. तेव्हा नाय नाक कापलं कुनाचं? ज्या शाळेत तुमचं नाक शाबूत होतं, तिथं माझी पोर कान दाबून रडत होती."

नामदेव मान खाली घालून जाळं विणत बसला होता. पण दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन हिमानीसाठी नवी चादर घेऊन आला.

आता राहिला शाळा सोडल्याचा दाखला. जमना बाजाराला जाता जाता टोपली घेऊनच जुन्या शाळेच्या कचेरीत गेली. कारकुनानं कागद पुढे सरकवला. तिनं तो तिथंच उभ्यानं, बोट ठेवून वाचला. वर्तणुकीच्या रकान्यात लिहिलं होतं, 'असमाधानकारक'.

"हे मी नाय घेनार."

"अहो बाई, नियमानं लिहिलंय."

"तिनं कुनाला मारलं? चोरी केली? शिवी दिली?"

"वर्गातून उठून जायची."

"मग तेच लिहा. घंटेनं कान दुखतात म्हनून उठून जाते. खरं हाय ते, मी सही करते."

"एवढी जागा नाही रकान्यात."

"मग जागा होईपर्यंत बसते," असं म्हणून जमना बाकावर बसली. टोपली बाहेर ठेवा म्हटलं, तर म्हणाली, "बाहेर कुत्री हायत." नव्या प्रवेशाचे दिवस होते. चकचकीत फाइली घेऊन आलेले आईबाप नाकाला रुमाल लावून ताटकळत राहिले. अकरा वाजले, बारा वाजले. एकानं विचारलं, काय झालं? जमनानं साद्यंत सांगितलं, बाजारातल्या आवाजात. मग दुसऱ्यानं विचारलं, तिनं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. साडेबाराला मुख्याध्यापिका बाहेर आल्या, टोपलीकडे पाहिलं, आईबापांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं, आणि कारकुनाला म्हणाल्या, "नवीन करून द्या."

'चांगली' हा शब्द जमनानं दोनदा वाचला. मग दाखला पदराला बांधून बाजार गाठला. त्या दिवशी निम्मा माल तसाच परत आणावा लागला.

हिमानी आता नववीत आहे. सगळं सुरळीत झालं असं नाही. पहिला महिना ती अर्धा वेळ ओढ्यावर असायची. गणित अजून तिला मागंच खेचतं. दहावीला काय होणार, हे काशीबाई दर सणाला विचारते आणि जमना सांगते, "दहावी आली की बघू." पण हिमानी आता निबंध लिहिते, स्वतःच्या शब्दांत. सोमीशी भांडते, तिच्याशीच बोलते.

यंदा दिवाळीआधी शाळा बघायला मुंबईचे पाहुणे आले. दीपिकाताईंना वाटलं, हिमानीनं आपली गोष्ट सांगावी. हिमानी नाही म्हणाली. ताईंनी दुसऱ्यांदा विचारलं. शनिवार होता, जमना लेकीला न्यायला आली होती. ती मोहाखालून सरळ पुढे झाली.

"ताई, तुमचे उपकार हायत. पन पोर नाय म्हनाली म्हंजे नाय. तिला दाखवायला नाय घातली मी इथं."

पाहुणे गोरेमोरे झाले. दीपिकाताईंचा चेहरा लाल झाला. त्या हिमानीकडे वळून म्हणाल्या, "चुकलं माझं. एकदा नाही म्हणालीस, तेव्हाच थांबायला हवं होतं." मग पाहुण्यांना वाफे दाखवायला घेऊन गेल्या.

चिल्हार फाट्याकडे चालताना जमना लेकीला म्हणाली, "शाळा बरी हाय तुझी."