एका परातीतलं पीठ

बाई गेल्याची बातमी मला मेथीच्या जुडीबरोबर मिळाली. अमरावतीकडची भाजी घेऊन एक माळीण बडनेऱ्याहून रेल्वेने अकोल्याला येते. तिने दारात पाटी उतरवली, जुडी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "माय, तुमची थोरली जाऊ गेली. आज पहाटं." मी विचारलं, दुखत होतं का काही? "काई नाई. चुलीपाशी बसल्या त्या बसल्याच." मी मेथी ओल्या फडक्यात गुंडाळली, लुगडं बदललं आणि पुढची गाडी धरली. रडले नाही. रडणाऱ्या बायकांना बाई पाणी शेंदायला पाठवायच्या.

त्याला आता काही आठवडे झाले. आपल्या ख्रिस्ती मंडळीच्या मासिकासाठी चार ओळी लिहा असा निरोप आला म्हणून लिहीत आहे. माझं शिक्षण मिशनच्या शाळेत तिसरीपर्यंत, तेव्हा सजवून लिहिणं मला जमणार नाही. मंडळीतली तरुण माणसं रिबकाबाईंना एवढंच ओळखतात की त्या हट्टी होत्या आणि प्रार्थनामंदिराची पायरी चढत नसत. दोन्ही खरं आहे. का चढत नसत, ते सांगणारी आता मी एकटी उरले.

मी अनाथ. मिशनच्या शाळेत वाढले आणि तिथूनच लग्न होऊन या घरात आले. घर माळ्याचं. अमरावतीच्या परकोटाबाहेर मळा, त्यात वांगी, मेथी, शेवंती. माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ याकोब, आणि त्यांची बायको रिबकाबाई यांनी आधी बाप्तिस्मा घेतला, त्यांच्यामागून माझ्या नवऱ्याने. जातीने त्या दिवसापासून त्यांचं पाणी तोडलं. विहिरीवरची भांडणं, पोरींची लग्नं, हे सगळं कसंतरी निभतं. पण घरात कोणी मेलं तर खांदा द्यायला जातीतलं कोणी येणार नाही, ही बोली झाली होती. म्हणून मूठभर माणसांची मंडळी हेच आमचं गणगोत, आणि गावाबाहेर मिशनने घेतलेला जमिनीचा तुकडा हीच आमची शेवटची जागा. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढचं सगळं तिच्यावरच आहे.

बाईंना अक्षरं मी शिकवली. त्या ओळीवर बोट ठेवून वाचायच्या, मोठ्याने, आणि वाचलेलं तसंच्या तसं धरायच्या. प्रभूचे पहिले शिष्य घरोघर जमत, एकत्र जेवत, कोणी कशाला माझं म्हणत नसे, हे त्यांनी वाचलं आणि बोट तिथंच राहिलं. "मग आपन काहून नाई करत, धाकटे?"

"बाई, ते फार जुनं झालं."

"देव बदलला का मधात?"

पुढच्या रविवारपासून आमच्या ओसरीवर परात आली. ज्याने त्याने येताना मूठभर पीठ आणायचं आणि परातीत टाकायचं. मंडळीत कुणबी होते, महार होते, एक सुतार होता, आम्ही माळी. सगळ्यांचं पीठ एकत्र मळलं की कोणाची भाकरी कोणती ते सांगता येत नसे. बाईंना तेच हवं होतं. भाषण करून जात जात नाही हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी ती मळून टाकायचं ठरवलं. पहिले काही रविवार लोकांनी घास नुसता घोळवला. मग भूक लागली की खाऊ लागले.

त्याच सुमाराला कापसाचं वेड आलं. अमेरिकेत लढाई लागली, तिकडचा कापूस विलायतेला जाईना आणि आमच्या काळ्या मातीला सोन्याचा भाव आला. रस्त्याने दिवसभर गाड्या, धूळ आणि सरकी. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या मी या डोळ्यांनी पाहिल्या. ज्याने त्याने ज्वारी मोडून कापूस पेरला, आणि ज्वारी इतकी महागली की मूठभर पिठाची चिमूट झाली. पाद्रीसाहेब नागपूरहून आला तेव्हा बाईंनी विचारलं, "साहेब, तिकडं कोन लढून राहिलं?" साहेब खोटं बोलणारा माणूस नव्हता. म्हणाला, "दोन्हीकडे आपलेच बंधू आहेत. दोन्हीकडे प्रार्थना करून लढतात." पहिले शिष्य तलवारीला हात लावत होते का, हा बाईंचा पुढचा प्रश्न. साहेबाने समजावलं की ते लोक थोडे होते, त्यांच्यापाशी राखण्यासारखं काही नव्हतं. राज्य हातात आलं की राखावं लागतं. बाईंनी मान हलवली, पण ती होकाराची नव्हती. मला मात्र साहेबाचं पटलं. मळ्याला कुंपण नसेल तर गुरं शिरतात, हे माळ्याच्या घरात कोणी सांगायला नको.

आमच्या मंडळीत शामुवेल नावाचा कुणबी होता. चांगली जमीन होती, कापसाने तो वर आला. पैसा आल्यावर त्याचे जुने सोयरे पुन्हा त्याच्या ओट्यावर येऊन बसू लागले. मुलगी लग्नाची होती. महाराच्या पिठाची भाकरी खातो हे त्या सोयऱ्यांच्या कानावर जाणं त्याला परवडणारं नव्हतं. माणूस वाईट नव्हता, हे लिहिलंच पाहिजे. एका रविवारी त्याने गव्हाचं पीठ आणलं आणि म्हणाला, "बाई, एवढं येगळं मळा. पोटाले ज्वारी सोसत नाई आताशा." बाईंनी ते हसत घेतलं आणि सगळ्यांच्या ज्वारीत ओतलं. मी म्हटलं, बाई, याची ना भाकरी होईल ना पोळी. "खाता तं येईल," म्हणाल्या.

तो रविवार साधा नव्हता. प्रभूभोजन, म्हणजे प्रभूच्या आठवणीने पाव मोडून वाटायचा तो विधी, वर्षातून दोनतीनदाच व्हायचं, कारण ते देण्याचा अधिकार फक्त पाद्रीसाहेबाला, आणि पाव यायचा कामठीच्या छावणीतून, पत्र्याच्या डब्यात. त्या वर्षी पावसाळाभर काळ्या चिखलाने रस्ता बंद. साहेब आला नाही, आणि इकडे याकोबभावजी रक्त ओकू लागले होते. प्रभूभोजन घेतल्याशिवाय जायचं नाही एवढंच ते म्हणत. साहेब येईपर्यंत ते राहतात की नाही, कोणाला ठाऊक... त्या संध्याकाळी बाईंनी त्यांची खाट ओसरीवर आणवली, तव्यावरची ती फाटकी भाकरी हातात घेतली, प्रभूने शेवटच्या जेवणात काढलेले शब्द म्हटले आणि मोडली. पहिला घास नवऱ्याला. मग सगळ्यांना. पाण्याचा तांब्या एकच, तो हातोहात फिरला. शामुवेलने घास उपरण्याच्या टोकाला बांधला, तांब्या तोंडाला न टेकवता पुढे दिला, आणि उठून गेला.

दसऱ्यानंतर रस्ता वाळला आणि साहेब आला. निंबाखाली खुर्ची टाकली. शामुवेलने उभं राहून सांगितलं: बाईमाणसाने, अधिकार नसताना, ज्वारीच्या भाकरीवर प्रभूभोजन केलं. सगळं खरं होतं, त्यात एक शब्द वाढवलेला नव्हता. साहेबाने बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, केलं. पहिले लोक घरातच करत होते. साहेब हळू आवाजात म्हणाला, "त्याच पहिल्या लोकांनी एका शहरात या जेवणाची दशा काय केली, तेही वाचा. पोटभरले आधी जेवले, भुकेले बघत बसले, कोणी पिऊन पडले. म्हणून नियम आले. प्रत्येक ओसरीवर ज्याने त्याने भाकरी मोडली तर प्रत्येक ओसरीवर वेगळा धर्म होईल." आतून खोकल्याची उबळ आली. ती थांबली तेव्हा साहेबाने वाट काढून दिली. "तुम्ही मोडली ती रोजची भाकरी होती, प्रभूभोजन नव्हतं, एवढं मंडळीसमोर सांगा. मी ते विसरेन. नाही सांगितलं, तर मला तुम्हाला मंडळीत ठेवता येणार नाही. उद्या सकाळी निघण्याआधी सांगा."

मंडळीबाहेर म्हणजे मिशनच्या जमिनीबाहेर. ज्याला पुरायचं होतं तो आत खोकत होता.

त्या संध्याकाळी आम्ही दोघी वांग्याला पाणी धरत होतो. मी म्हटलं, "बाई, दोन शब्दांनी तुमचं काय जातं? म्हणून टाका."

"ह्यायनं घास घेतला तो काय समजून घेतला?" त्यांनी खोऱ्याने वाफ्याचं दारं मोडता मोडता, पाणी वळवता वळवता विचारलं. "आता मी म्हनू, ते काई नव्हतं, निस्ती भाकर होती? या हालात ह्याइले सांगू?"

"अन् पुरान कुठं त्याइले?"

पाणी वाफ्यातून बाहेर वाहायला लागलं तरी त्यांनी खोरं हलवलं नाही. बाईंच्या हातून पाणी वाया गेलेलं मी तेव्हाच पाहिलं. भासऱ्यांसमोर मी बोलत नसे, पण आमचं बोलणं खाटेपर्यंत गेलं होतं. आतून आवाज आला, "मळ्यातच पुरा. वांगे मोठे येतीन." आणि हसू आलं त्यातूनच पुन्हा खोकला.

सकाळी घोड्यावर खोगीर चढलं होतं. साहेबाने विचारलं. बाई म्हणाल्या, "नाई सांगता येत, साहेब." आतून याकोबभावजी म्हणाले, तिचं नाव काढता तर माझंही काढा, घास मी पहिला खाल्ला. साहेब आत गेला, त्यांच्या कपाळावर हात ठेवून बराच वेळ प्रार्थना केली आणि बाहेर येऊन दोघांचीही नावं मंडळीतून काढल्याचं सांगितलं. टोपी त्याने हातातच धरली होती. तो शिव्या देऊन गेला असता तर आम्हाला सोपं गेलं असतं.

भावजी कापूस वेचणीच्या दिवसांत गेले. रस्त्यावर गाड्यांची रांग. कोणी थांबेना, मजूर मिळेना. खांद्याला माझा नवरा, सुतार आणि दोन महार भाऊ, म्हणजे परातीतलीच माणसं. पुरतानाचे शब्द म्हणायला कोणी नव्हतं म्हणून बाईंनीच म्हटले. माती टाकून होतेय तोवर कुंपणापाशी शामुवेलची बायको दिसली. आत आली नाही. पदराची गाठ सोडून मूठभर पीठ तिने कुंपणावरून माझ्या हातात दिलं आणि निघून गेली. त्यानंतर दर रविवारी तिचं पीठ येत राहिलं, ती मरेपर्यंत. शामुवेल पुढे मंडळीचा वडील, म्हणजे पंच, झाला, चांगला झाला, पण आमच्या ओसरीवर आला नाही. लढाई संपली, भाव बसला, शेंब्या मोडीत गेल्या.

मी नाव कापून घेतलं नाही. सकाळी प्रार्थनामंदिरात पाव, संध्याकाळी ओसरीवर भाकरी, असं माझं अकोल्याला येईपर्यंत चाललं. बाई मला म्हणायच्या, "दोन घरचं जेवतं तू." मी म्हणायचे, उपाशी तर राहत नाही. त्यांच्या तोंडावर मी सांगितलं होतं आणि आजही सांगते, की नवऱ्याची माती टांगणीला लावायला नको होती. त्यावर त्या चिडत नसत. म्हणायच्या, माती कुठंबी मातीच.

आताच्या आणि पहिल्या ख्रिस्ती लोकांत फरक काय, असं या मासिकात कोणी कोणी लिहितं, ते मी वाचते. पहिले सगळे चांगले होते, असं बाईंनाही वाटत नव्हतं. शेत विकून पैसा दडवणारं जोडपं त्यांच्यातलंच होतं. पण पहिल्यांना वाटत होतं की प्रभू आपल्या हयातीत परत येणार. बाईंनाही वाटायचं. दर पेरणीला म्हणायच्या, "कापाले आपन असू का नाई, कोन जाने," आणि पेरणी एका दिवसाने चुकवत नसत. आताच्या माणसांना तो यावा असं मनातून वाटत नाही. त्यांची घरं अर्धी बांधून झालेली असतात. मी त्यांना हसत नाही, माझ्याही मुलाने अकोल्यात घर बांधायला काढलं आहे. एवढंच, की पाहुणा येणार हे धरून चालणाऱ्या घरात जेवण जास्त शिजतं, आणि ते कोणीतरी खातं.

त्या दिवशी मी मळ्यात पोहोचले तेव्हा आत्ताचे पाद्री, आपल्यातलेच, तरुण, फाटकाशी उभे होते. म्हणाले, "आजी, मिशनच्या जमिनीत जागा आहे. जुनं आता कोणी धरत नाही." मी म्हटलं, त्यांची जागा भावजींशेजारी आहे. त्यांनी बाहेर चपला काढल्या, आत आले आणि वांग्याच्या वाफ्यापाशी उभं राहून शब्द म्हटले. त्या मळ्यात पाद्रीने म्हटलेले ते पहिलेच.

रविवारपर्यंत मी राहिले. संध्याकाळी परात धुऊन पालथी घालायची म्हणून बाहेर आणली. तिच्या एका बाजूला बाईंच्या गुडघ्याचा पोचा आहे, त्या गुडघ्याशी टेकवून मळायच्या. कोणाला बोलावलं नव्हतं. तरी सुताराची सून आली, महार भावांच्या घरचे आले, आणि पीठ टाकून बसले. मग पाद्री आले. मूठ मिटलेली होती. कुठं टाकायचं ते त्यांना कळेना, म्हणून मी परात पुढे सरकवली. त्यांच्या घरी गहूच खातात. मी ते ज्वारीत मिसळलं, पोचा गुडघ्याला लावला आणि मळायला बसले. भाकरी तव्यावर टाकतानाच फाटली. ती मी तशीच भाजली, आणि मोडायला कोणापुढे धरायची ते कळेना म्हणून बसून राहिले... शेवटी पाद्रींपुढे धरली. त्यांनी ती घेतली नाही, माझ्याकडे बघितलं. मी मोडली.