जमिनीवर सोडलेलं पाणी

"घाई न्हाई," असं म्हणून ते खडूवर फुंकर मारायचे. मग पुसलेलाच फळा पुन्हा पुसायचे. तोवर वर्ग आपोआप गप्प झालेला असायचा.

युद्धाच्या दिवसांत सांगलीजवळ पाद्र्यांचं एक लहानसं कॉलेज होतं. तिथे तत्त्वज्ञान शिकवणारे आम्ही तिघे. विभागप्रमुख फादर परदेशातून आलेले, देवाच्या अस्तित्वाच्या पुराव्यांवर त्यांचं संशोधन चाले. मी साताऱ्याचा, तर्कशास्त्र शिकवायचो आणि संशोधन करतो असं सांगायचो. आणि खडूवर फुंकर मारणारे हे आटपाडीचे गृहस्थ, क्षमेवर काम करणारे. आता क्षमेवर काम करणारा माणूस किती रागीट असावा? त्यांचा पेला मी एकदा चुकून वापरला, तर कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

एकदा चहा पिताना त्यांनी आपला विचार आम्हा दोघांना सांगितला. त्यांच्या चुलत्याने भाऊबंदांशी चाललेला जुना तंटा मिटवला, तेव्हा तो म्हणाला होता, "जमिनीवर पाणी सोडलं, पर राग हाय तसाच हाय." यांच्या मते क्षमा ती हीच. हक्क सोडायचा, राग सुटलाच पाहिजे असं नाही. ऐन उमेदीची वर्षं त्यांनी या एका वाक्याच्या मागे घातली होती. फादर मान डोलावत ऐकत होते.

युद्ध संपलं त्या सुमारास तो विचार मुंबईच्या एका इंग्रजी नियतकालिकात छापून आला, फादरांच्या नावाने. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या माणसाची आठवण झाली की अजूनही माझं तोंड कडू होतं. यांनी मात्र लेख शांतपणे वाचला आणि चक्क हसले.

"घाई न्हाई, गड्या. मराठी लय कच्चं हाय ह्यांचं."

पुढे फादरांनी तो लेख कॉलेजच्या सभेत वाचला. त्यात लिहिलं होतं की, आटपाडीकडे वैर मिटलं म्हणजे शेतकरी एकमेकांच्या जमिनीत पाटाचं पाणी सोडतात. हे उठले आणि भर सभेत आपल्या गावच्या बोलीत म्हणाले, "फादर, आमच्या आटपाडीत पाट कुठं हाय तेवढं दाखवा. औंदा ऊस लावावा म्हणतो."

आटपाडीसारख्याच दुष्काळी कडेगावची मुलं बाकं बडवायला लागली. कुणीतरी फादरांना पाणी सोडण्याचा खरा अर्थ समजावून सांगितला, तसा त्यांचा चेहरा उतरला. खोटं कशाला बोलू, मला फार आनंद झाला.

संध्याकाळी फादर आमच्या खोलीत आले. "प्रोफेसर, माझा अपराध झाला. मी संपादकांना लिहितो. चूक दुरुस्त करून लेख तुमच्या नावावर करायला सांगतो."

"नको," हे म्हणाले. "तुमचंच नाव राहू द्या. चुकीसकट."

"पण विचार तुमचा आहे."

"व्हय. माझाच हाय."

फादरांनी हात जोडले, तरी हे बधले नाहीत. त्या विषयावर त्यांनी पुन्हा लिहिलंही नाही; लिहिलं असतं तर लोकांनी त्यांनाच उचल्या ठरवलं असतं. वर्षअखेरीस नोकरी सोडून ते गावी गेले.

फादर वारल्याची बातमी त्यांना सांगायला मी मुद्दाम आटपाडीला गेलो. सूड पुरा झाल्याचा आनंद मला त्यांच्या तोंडावर बघायचा होता. ते ओट्यावर बसून शेंगा फोडत होते. ऐकलं आणि त्यांचे हात थांबले.

"आता तो इचार माझा व्हता, हे कुणाला म्हायती?"

"मला आहे की, सर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि थोड्या शेंगा माझ्यापुढे सरकवल्या.