डंक्लीच्या रंगातला ओघळ

एनिड टॅपलिन आमच्या सायकलच्या कारखान्यात रेघा ओढायची. रंग लावून भट्टीत भाजलेली फ्रेम तिच्यासमोर टांगलेली असे. करंगळी नळीला टेकवायची, बोटभर लांब केसांचा ब्रश बुडवायचा आणि श्वास रोखून नळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढत न्यायचा. एक जाड रेघ, तिच्या शेजारी एक बारीक. हातात मोजपट्टी नाही, नळीवर चिकटपट्टी नाही. मध्ये थांबलं तर तिथे रेघ फुगते, म्हणून थांबायचं नाही. दिवसभर हेच.

मी सांधे भरायचो. नळ्या सांध्यावरच्या लोखंडी टोपणात बसवायच्या, तापवायच्या, पितळ वितळवून आत सोडायचं. आमची चूक कानशीने घासून काढता येते. तिची चूक ओली असताना एकदा पुसता येते. दुसऱ्यांदा पुसली की खालच्या रंगावर डाग राहतो. तिला दुसऱ्यांदा पुसताना मी पाहिलं नाही.

कारखाना बंद पडला. बर्मिंगहॅममध्ये त्या काळात बरेच पडले. मी वॅन घेऊन माल पोचवू लागलो. एनिड शाळेच्या स्वयंपाकघरात लागली आणि शनिवारी घरच्या टेबलावर हौशी लोकांच्या जुन्या सायकलींना रेघा ओढू लागली. नवरा गेला तरी ते काम चालू राहिलं. कुठल्याही मेळाव्यात एखाद्या जुन्या सायकलीभोवती चार माणसं जमली की एक तरी वाकून म्हणायचा, ‘ही एनिडची रेघ.’ तिला ते कळायचं. आवडायचंही. दाखवायची नाही.

मग तिचा उजवा हात थरथरू लागला. डॉक्टर म्हणाला, घाबरण्यासारखं काही नाही, वडिलांना होतं तेच आहे. एनिडने आलेली कामं परत करायला सुरुवात केली. डोळे दुखतात म्हणाली, मग पाठ दुखते म्हणाली. आमची घरं पाठीला पाठ लावून होती. एके दिवशी ती दाराच्या कुलपात किल्ली घालत होती, दोन्ही हातांनी, आणि तरी किल्ली जाईना. मी कुंपणाच्या अलीकडे उभा होतो. तिने मागे वळून पाहिलं.

‘‘सिरिल, हे बाहेर बोललास तर माझ्या दारात पुन्हा उभा राहू नकोस.’’

मी बोललो नाही. ती ज्या कामासाठी ओळखली जायची तेच संपलं होतं आणि एवढं एक झाकून ठेवायची तिची धडपड चालली होती.

सॉल्टली व्हीलर्स हा आमचा सायकल क्लब. त्याचा जुना शर्यतवीर विल्फ ऍन्सेल वारला आणि त्याच्या मुलीने शेडमधली त्याची फ्रेम क्लबला दिली. आमच्याच कारखान्यातली, गडद हिरवी. गंजाने रंग उचलून टाकला होता. फक्त सीटखाली बोटभर तुकड्यावर दोन हस्तिदंती रेघा शिल्लक होत्या. एनिड पोरसवदा असताना तिनेच त्या ओढल्या होत्या. वाचवण्यासारखा रंग नव्हता. ती पूर्ण खरवडून नव्याने रंगवायची आणि नोव्हेंबरातल्या वार्षिक जेवणाला मांडायची असं ठरलं.

क्लबचा सेक्रेटरी ग्लिन मॅडॉक्स. वयाने आमच्यापेक्षा बराच लहान, आवाजाने मोठा.

‘‘दुकान कुठलं ते मिसेस टॅपलिन ठरवतील,’’ तो म्हणाला. ‘‘आणि रेघा अर्थातच त्याच ओढणार. विल्फची फ्रेम आहे, नाही म्हणतील कशा?’’

सगळ्यांनी टेबलं बडवली. एनिडने मान हलवली. हात टेबलाखाली होते.

दुकानं बघायला मी तिला वॅनमधून नेलं. पहिलं वुल्व्हरहॅम्प्टनला. लोखंडी फाटकं, गाड्यांची चाकं, बागेतल्या खुर्च्या असला माल तिथे पावडर कोटिंगला येई. मालक पोरगेलासा होता आणि चांगला होता.

‘‘काकू, असा जाड थर बसवतो की हातोडा मारलात तरी उडणार नाही,’’ तो म्हणाला.

‘‘हातोडा कोण मारणार आहे त्याला?’’ एनिड म्हणाली. ‘‘टोपणांच्या कडा दिसायला हव्यात. तुझ्या थरात त्या बुडून जातील.’’

तिचं बरोबर होतं. त्या कडा कुणीतरी तासन् तास घासून धारदार केलेल्या असतात. शिवाय जुना रंग काढायला तो वाळूचा असा झोत मारत होता की आमच्या पातळ नळ्यांना भोकं पडली असती.

दुसरं दुकान रेडिचचं. मोटारींचे पत्रे रंगवणारा. आरशासारखी चकाकी. रेघांच्या तयार चिकटपट्ट्यांची गुंडाळी त्याने खणातून काढून दाखवली. ‘‘हे लावतो, वरून वॉर्निश. कुणाला कळत नाही.’’

एनिड ती गुंडाळी हातात घेऊन बराच वेळ उभी राहिली. तिची सुटका तिच्या हातातच होती. मला वाटलं, हो म्हणेल.

‘‘मला कळतं,’’ ती म्हणाली आणि गुंडाळी परत दिली.

तिसरा टाइझलीचा व्हिक डंक्ली. हा आमच्या कारखान्यात रंगखात्यात होता. रेल्वेच्या कमानीखाली एकटा काम करायचा. प्रत्येक थरानंतर पाण्यात भिजवलेल्या पॉलिशपेपरने हाताने घासायचा, भाजायचा, पुन्हा घासायचा. पुढचं चाक धरणारा, नुकताच रंगवलेला चिमटा त्याने एनिडपुढे धरला. तिने तळवा फिरवला. मीही अंगठा फिरवला, आतल्या बाजूने, जिथे आळशी माणसाचं काम पकडता येतं. काहीही सापडलं नाही.

‘‘काय बाई, पास का नापास?’’ डंक्ली हसत म्हणाला.

‘‘बरा आहे.’’

‘‘बरा! सिरिल, ऐकलंस? हिने ‘बरा’ म्हटलं, मी पाटी लावतो दाराबाहेर.’’ मग खिडकीखालचं बाक त्याने थोपटलं. ‘‘रेघा इथेच ओढ. उजेड चांगला आहे. मी शेजारी स्टूल टाकून बघत बसेन. कारखान्यात कधी वेळच मिळाला नाही तुझं काम बघायला.’’

परतताना एनिडने दोन्ही हात कोटाच्या खिशात ठेवले होते.

क्लबच्या बैठकीला मी नव्हतो, बाहेर बारमध्ये होतो. ग्लिन बाहेर आला तो हात झटकत. ‘‘डंक्ली बाद. मिसेस टॅपलिन म्हणतात, त्याच्या कामात ओघळ आहे आणि रंगाखाली धूळ. वय झालं बिचाऱ्याचं. आता पुढच्या महिन्यात बघू.’’

वॅनमध्ये बसल्यावर मी इंजिन चालू केलं नाही.

‘‘ओघळ कुठे होता?’’

‘‘होता.’’

‘‘मी अंगठा फिरवला होता, एनिड.’’

‘‘तुला रंगातलं काय कळतं? तू पितळ वितळवणारा.’’

‘‘ओघळ कळण्याइतकं कळतं. स्वतःचा हात झाकायला तू त्याचं काम काळं केलंस.’’

ती खिडकीबाहेर बघत राहिली. ‘‘घरी सोड,’’ म्हणाली.

ग्लिनचं तोंड बंद राहणारं नव्हतं. त्याने ते दुसऱ्या क्लबात सांगितलं, तिथल्यांनी तिसऱ्या. एनिडने सांगितलंय म्हटल्यावर कुणी तपासून बघत नाही. डंक्लीकडे द्यायच्या ठरलेल्या दोन फ्रेमी दुसरीकडे गेल्या. मी हे एनिडला सांगितलं. ती बटाटे सोलत होती, खाली बघून सोलत राहिली. त्यानंतर ती क्लबात जाईना, कुंपणाशीही येईना. चर्चमधून यायची ती मागच्या गल्लीने.

एका रविवारी दुपारी मी तिच्या परसातलं फाटक बसवत होतो, तेव्हा डंक्ली सायकलवरून आला. टॉवेलात गुंडाळलेला तो चिमटा त्याच्या पाठीवर होता. मी त्याला स्वयंपाकघरात नेलं. एनिड उठून उभी राहिली. डंक्लीने टॉवेल सोडून चिमटा टेबलावर ठेवला. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर सोपं गेलं असतं.

‘‘एनिड, दाखव.’’

‘‘काय?’’

‘‘ओघळ. मला सापडत नाही. दिव्याखाली बघितला, उन्हात बघितला. चष्मा बदलून आणला.’’ त्याने नाकावरचा नवा चष्मा बोटाने वर सरकवला. ‘‘तरी दिसत नाही. तुला दिसलाय म्हणजे आहे. माझी नजर गेली असेल तर मला कळायला हवं. बायकोला सांगितलंय, तसं असेल तर कमान सोडतो. लोकांचा माल खराब करायचा नाही.’’

एनिडने चिमटा उचलला आणि खिडकीशी नेला. दोन्ही हातांनी धरला होता. डंक्ली रंगाकडे बघत होता, हातांकडे नाही. तिने कुठेही बोट ठेवलं असतं तरी त्याने मानलं असतं. घरी जाऊन त्याने कमानीची किल्ली परत केली असती. मी फाटकाचा स्क्रू मुठीत धरून दारात उभा होतो. आता ती बोट ठेवते असं मला वाटलं.

‘‘सिरिल, वरच्या फडताळातली माझी पेटी दे.’’

पेटीवर धूळ होती. तिने हस्तिदंती रंगाची डबी उघडली, वरची साय काढली, ब्रश बुडवला. चिमटा टेबलाच्या कडेला टेकवला, करंगळी लावली, श्वास रोखला आणि ओढली.

रेघ चार बोटंही सरळ गेली नाही. शाळेतलं पोर पेन्सिल ओढेल तशी वाकडीतिकडी झाली. मध्ये तुटली. एनिड थांबली नाही, टोकापर्यंत नेली. मग ब्रश खाली ठेवला.

‘‘दोन हिवाळे झाले,’’ ती म्हणाली.

डंक्ली त्या रेघेकडे बघत राहिला. ‘‘आणि माझा रंग?’’

‘‘तुझा रंग चांगला आहे. कारखान्यात होता त्याहून चांगला. ओघळ नाही, धूळ नाही.’’

‘‘मग बोललीस का?’’

‘‘तू म्हणालास, मी शेजारी बसून बघेन.’’

तो खुर्चीत बसला. ‘‘मी तुझं काम बघायला मागितलं म्हणून?’’

‘‘हो.’’

‘‘रात्री दिवा लावून मी तो चिमटा चाचपून बघत होतो. बायको म्हणाली, वेड लागलंय तुला. तू हात थरथरतो म्हणाली असतीस तर मी काय हसलो असतो?’’

‘‘नसतास हसला.’’

‘‘मग?’’

एनिडची मान इतकी खाली गेली होती की केसांमधला भांग तेवढा दिसत होता. तिने टर्पेंटाइनची चिंधी पुढे केली. डंक्लीने ती घेतली आणि ओली रेघ स्वतः पुसली, एका दिशेने, नीट. चिमटा टॉवेलात बांधला.

मी म्हणालो, ‘‘चहा टाकतो.’’

‘‘नको. गुरुवारी क्लबात सांग, एनिड. मला सांगून झालं. त्यांना सांग.’’

गुरुवारी मी तिला नेलं. तिने कोट काढला नाही. ग्लिनने सुरुवात करायच्या आधीच ती उभी राहिली.

‘‘माझा हात थरथरतो. मला रेघा ओढता येत नाहीत. ते लपवायला मी डंक्लीच्या कामाबद्दल खोटं बोलले.’’

मग सगळे एकदम मायेने बोलू लागले. एकजण म्हणाला त्याच्या आईलाही तसंच आहे. कुणी खुर्ची आणली. ग्लिन तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, ‘‘अहो मिसेस टॅपलिन, एवढंच ना! आम्हाला वाटलं काय झालं! तुमच्या रेघांचं नाव कुठे जाणार आहे?’’

एनिडचा चेहरा लाल झाला होता. ‘‘हाताचं सोड. मी एका चांगल्या कारागिराला खोटं पाडलं. ते ऐकलंस का?’’

‘‘ऐकलं.’’

‘‘मग जिथे जिथे जाऊन ते सांगितलंस तिथे जाऊन हेही सांग. तेवढ्याच मोठ्या आवाजात.’’

ग्लिनने सांगितलं, त्याच्या परीने. दोनपैकी एक फ्रेम डंक्लीकडे परत आली. दुसरी आली नाही. विल्फची फ्रेम अर्थात त्याच्याकडेच गेली. मी पोचवली. महिन्याभराने त्याने मला विचारलं, ‘‘रेघा ओढणारं दुसरं कुणी उरलं नाही. चिकटपट्ट्या लावू का, विचार तिला.’’

मी विचारलं. ‘‘नको,’’ एनिड म्हणाली. ‘‘साधी राहू दे.’’

‘‘लोक विचारतील.’’

‘‘विचारू देत.’’

नोव्हेंबरात जेवण झालं. भिंतीशी स्टँडवर हिरवी फ्रेम उभी होती. टोपणांच्या कडा अशा धारदार दिसत होत्या की मला माझं जुनं काम आठवलं. नळ्या मात्र कोऱ्या. डंक्ली आणि त्याची बायको पलीकडच्या टेबलावर होती. आत येताना त्याने एनिडला मानेनेच ओळख दिली, पण तिच्याजवळ आला नाही. मटणाचे पॅटिस आणि वाटाणे वाढले गेले. एनिडने ताट तसंच ठेवलं आणि फ्रेमशेजारी जाऊन उभी राहिली.

कॉव्हेंट्रीहून आलेला एक माणूस वाकून बघत होता.

‘‘रंग कुणाचा हो?’’

‘‘डंक्लीचा. टाइझलीला कमानीखाली आहे. तुमच्याकडे काही असेल तर त्याच्याकडेच द्या.’’

‘‘सुरेख. पण ह्यावर रेघा असायला हव्या होत्या. विसरला का तो?’’

‘‘तो नाही विसरला. त्या मी ओढायच्या होत्या. माझा हात चालत नाही. आणि ते कळू नये म्हणून मी त्याच्या रंगाबद्दल खोटं सांगितलं होतं.’’

माणूस ओशाळला. ‘‘असं होय,’’ म्हणाला आणि ग्लास घेऊन निघून गेला. एनिड तिथेच उभी राहिली, हात पुढे धरून, झाकायला काही न घेता. मग एक नवराबायको आले, बाईने विचारलं, रेघा कशा नाहीत हो, आणि एनिडने पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगायला घेतलं.