रोजाकाकींचे गुडघे

बस्त्यावकाकांना प्रकृती विचारली की ते केळीची खबर देत. ‘‘कसे आहात?’’ या प्रश्नाला ‘‘विहिरीकडच्या दोन केळी निसवल्या, घड बाहेर पडले,’’ हे त्यांचे उत्तर असे. गिरीज गावात त्यांच्या वाडीशेजारी आम्ही घर घेतले, तेव्हा मला हे बहिरेपण वाटले होते. माझे बोलणे पुस्तकी, म्हणून ते मला ‘मास्तर’ म्हणत. मी विमा कचेरीतून निवृत्त झालो आहे, हे सांगण्याचे धैर्य मला कधी झाले नाही.

कर्करोग काकांच्या हाडांत उतरला आणि रुग्णालयाने उपचार थांबवले. मुलगा नेल्सन याने ‘हा वात आहे’ असे घरात जाहीर केले व शेजाऱ्यांनाही तेच बजावले. काकांना सारे ठाऊक होते. डॉक्टर नेल्सनशी बोलत असताना ते डोळे मिटून जागेच होते. पण मुलाने एवढ्या कष्टाने उभारलेले खोटे मोडू नये, म्हणून ते वाताचे तेल निमूटपणे चोळून घेत आणि कळ आली की उशी दाताखाली धरत.

माझ्या आईच्या अखेरच्या आजारात अश्विनी नावाची नर्स घरी येत असे. रोग बरा करायला नव्हे, दुखणे आवरायला. आईला तिच्यामुळे पुन्हा झोप लागू लागली होती. काकांच्या खिडकीबाहेर उभा राहून मी चाचरत नेल्सनला तिचे नाव सुचवले.

‘‘ती दारात दिसली की गाव म्हणेल, यांनी आशा सोडली,’’ तो म्हणाला. ‘‘आणि पप्पांना कळेल ते वेगळंच.’’

मी क्षमा मागून परतलो. दुसऱ्या दिवशी काकांनीच मला कुंपणापाशी हाक मारली.

‘‘मास्तर, तुमची ती नर्सबाई गुडघे बघते काय?’’

‘‘कोणाचे?’’

‘‘हिचे.’’

मागून रोजाकाकी डोक्यावर केळीचा घड घेऊन ताठ चालत येत होत्या. ‘‘माझ्या गुडघ्यांना काय झालंय?’’

‘‘आजपासून दुखतात. नेल्सन घरी आला की जरा कण्हत जा.’’

‘‘आणि तुम्ही?’’

‘‘मी कण्हलो तर पोराला खरं बोलावं लागेल.’’

अश्विनी आली, सोबत तिच्या संस्थेचे डॉक्टरही आले. काकींच्या गुडघ्याला पट्टा बांधून झाला की ‘आलोच आहोत तर’ म्हणून काकांनाही तपासले जाई. मॉर्फिनच्या गोळ्या सुरू झाल्या आणि आठवडाभरात काका ओट्यावर येऊन बसू लागले. एकदा काकींनी पट्टा दुसऱ्याच पायाला बांधला. मी कानापर्यंत लाल झालो. काका मात्र शांतपणे नेल्सनला म्हणाले, ‘‘वात फिरता असतो.’’ नेल्सनने मान डोलावली आणि वडिलांना गोळीसाठी पाणी आणून दिले.

पावसाळा सरता सरता काका गेले. आदल्या संध्याकाळी, कोणत्या केळीला टेकू हवा, हे ते मला न कण्हता सांगत होते.

त्यांच्या महिन्याच्या मिस्सा-प्रार्थनेनंतर नेल्सनने मला चर्चच्या आवारात बाजूला घेतले.

‘‘सर, अश्विनी सिस्टरचा नंबर द्याल? आमच्या आळीतल्या आंतोनकाकांकडे हवाय.’’

‘‘काय झालंय त्यांना?’’

‘‘त्यांना काही नाही,’’ तो माझ्याकडे न पाहता म्हणाला. ‘‘त्यांच्या बायकोचे गुडघे दुखतात. डॉक्टरांनाही सोबत यायला सांगा.’’