सासूबाईंचे गुडघे

दिवस गेल्याचं कळलं आणि सासूबाई मला पलंगावरून उठू देईनात. मी काय काचेची बरणी होते? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सगळं ठीक आहे, रोज अर्धा तास चाला." मी खूश! पण तीन महिने बातमी फोडायची नव्हती, म्हणून सासूबाईंनी आमच्या सातपूरच्या कॉलनीत सांगून टाकलं, "माझे गुडघे धरलेत, सून मला फिरायला नेते." ते निभवायला बिचाऱ्या रोज माझ्याबरोबर चालल्या, आधी कुरकुरत, मग चक्क माझ्या पुढे.

चौथ्या महिन्यात पेढे वाटले तेव्हा शेजारीण म्हणाली, "म्हणजे गुडघ्यांची नुसती थाप होती काय, काकू?"

"थाप कसली? कितीतरी वर्षं दुखत होते," चपला घालत सासूबाई म्हणाल्या, "आता दुखायचे थांबलेत. चल गं, उशीर होतोय!"