ड्रेपरीवाली रजनी

भाड्याने दिलेले कपडे परत आले की मी आधी खिसे तपासतो. सेफ्टी पिना निघतात, संवादाच्या चिठ्ठ्या निघतात, एकदा तर अर्धा समोसा निघाला! आणि प्रत्येक खिशासोबत एक किस्सा येतो. महाल भागातल्या माझ्या ड्रेपरीच्या दुकानात नाटकाच्या कपड्यांपेक्षा आता किस्सेच जास्त झालेत. मी स्वतः कॉलेजची पायरी चढलो नाही, पण कॉलेज माझ्या दुकानाची पायरी रोज चढतं.

आज फक्त रजनीचे सांगतो.

*

बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाची पोरगी. नाटकवाल्या ग्रुपसोबत आली, काउंटरवर यादी सरकवली आणि पायाकडे बघत उभी राहिली.

"किती ड्रेस पायजे, बाई?"

तिने यादी बोटाने आणखी पुढे सरकवली. ग्रुपचा लीडर हसला, "काका, हिचा आवाजच निघत नाही. म्हणून तर कपड्यांचं काम दिलं!"

मी मनात म्हटलं, गेली माझी ड्रेपरी!

*

कपड्यांची पेटी परत आली आणि मी पाहतच राहिलो. प्रत्येक ड्रेसला चिठ्ठी टाचलेली. 'हुक तुटला होता, लावला.' 'ही मिशी शिंकल्यावर पडते.'

तीस वर्षं या धंद्यात आहे, पण हे मला सुचलं नव्हतं. आता माझ्या सगळ्या पेट्यांत तिचीच पद्धत चालते!

*

मग माझी चूक. त्यांच्या एकांकिकेला पोलिसांचे ड्रेस हवे होते, मी पौराणिक नाटकाची पेटी धाडली. फोन वाजला.

"काका! हे काय पाठवून राहिले तुम्ही? इन्स्पेक्टरच्या डोक्यावर मुकुट घालू का?"

आवाज रजनीचा! इतका मोठा, की मी फोन कानापासून लांब धरला. दुसरी पेटी पोचवायला वेळच नव्हता.

"आता तूच पाह्य, बाई," म्हणालो.

तिने खरंच इन्स्पेक्टरला मुकुट चढवला, हवालदारांच्या हातात गदा दिल्या. परीक्षक म्हणाले, "सत्तेचं काय दर्शन घडवलंत!" पहिलं बक्षीस! इतकी नफ्यातली चूक मी जन्मात केली नाही.

*

एक दिवस तिचे वडील दुकानात आले. मनीषनगरला स्कूल व्हॅन चालवतात.

"माह्या पोरीले यापुढं कपडे देऊ नका, शेठ."

"काहून, भाऊ?"

"शिकायले पाठवली, नाटकं करायले नाही. घरी तर तोंडातून शब्द निघत नाही तिच्या! शनिवारी स्पर्धा आहे म्हणते. मी जातो अन् हात धरून आणतो. मंग नाटक बंद!"

मी त्यांच्यापुढे त्या चिठ्ठ्या ठेवल्या. बराच वेळ वाचल्या त्यांनी. "अक्षर चांगलं आहे," एवढंच म्हणाले आणि गेले.

*

शनिवारी मला दुकानात बसवेना. हॉलवर पोचलो, विंगेत उभा राहिलो. नाटक सुरू व्हायला दोन मिनिटं आणि पडदा ओढणारा गायब! रजनी कमरेला ओढणी बांधून सगळ्यांवर ओरडत होती. तेवढ्यात वडील आत शिरले.

"चल घरी!"

तिने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, पडद्याची दोरी उचलली आणि त्यांच्या हातात दिली.

"बाबा, मी हात वर केला का ओढा, खाली केला का सोडा. मी सांगेपर्यंत हलू नका!"

तिचा हात वर गेला. पडदा उघडला.

नाटक झालं. तिचा हात खाली आला, पडदा पडला. टाळ्या वाजल्या, पोरं नाचत बाहेर गेली, रजनी तिकडे पेट्या भरायला लागली. हॉल रिकामा झाला. मी वडिलांजवळ गेलो.

"चला भाऊ, चहा घेऊ."

दोरी त्यांच्या मुठीत तशीच घट्ट होती.

"थांबा ना, शेठ," ते हळूच म्हणाले. "पोरीनं अजून हलायले सांगतलं नाही."