कोमट केस

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. नव्हता, आणि खरं सांगायचं तर आजही नाही. या सदरात छापून येणाऱ्या हडळी नि मुंजे कचेरीतल्या मंडळींना मोठ्याने वाचून दाखवत मी पोट धरून हसलेलो आहे. आता तुम्ही मला हसा, हरकत नाही. पण डोळ्यांनी पाहिलं ते लिहून काढल्याशिवाय माझ्या तोंडाची कडवट चव जायची नाही.

जागा — ठाणे, नौपाडा, माझ्या मामांचं घर. महिना मार्गशीर्ष. वेळ सकाळची, लख्ख ऊन पडलेलं. आईवडील लवकर गेले, म्हणून मी आणि धाकटी बहीण द्वारकी याच घरात वाढलो. माझी कारकुनीसुद्धा तात्यामामांच्या शब्दाने लागलेली. द्वारकीला कल्याणला दिली होती. तिच्या एकोणिसाव्या वर्षी नवरा पटकीने गेला. तेराव्यानंतर मी तिला आणायला गेलो, तेव्हा आगगाडीत ती एवढंच म्हणाली, "दादा, बाकी काय ते सोसेन... केसांना तेवढा हात लावू देऊ नकोस."

"मी आहे ना," मी म्हणालो.

तात्यामामा वेदान्ती. गावात मोठं नाव. सकाळी सोवळ्याचा रेशमी कद नेसून माजघरात पाटावर बसायचे, पोथी उघडायचे, आणि मग जग नाही, देह नाही, मी नाही, तू नाही, आहे ते सगळं एकच — हे दोन-दोन तास चालायचं. आमटीत मीठ कमी पडलं की मात्र मामींच्या अंगावर वाटी जायची. तेव्हा मामी असायच्या बरं का, आणि आमटीही असायची!

द्वारकी आल्याच्या चौथ्या दिवशी त्यांनी राघू न्हाव्याला बोलावणं धाडलं. ती त्यांच्या पाया पडली... लांबूनच, मामा सोवळ्यात होते ना! मामा हसले. अहो, हसले!

"अगं वेडे, केस कुणाचे? कापणारा कोण, कापून घेणारी कोण? यातलं काहीच नाही. सगळा भास."

"नाहीतच, तर राहू द्या ना मामा," ती म्हणाली. "नसलेलं कापायचं कशाला?"

मामांनी पोथीचं पान उलटलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "विष्णू, पाणी तापलं का बघ."

आणि मी बघायला गेलो.

परसात विहिरीपाशी तिला बसवलं. थंडीचे दिवस, म्हणून कोमट पाणी. कळशीने ते तिच्या डोक्यावर मीच ओतलं. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. राघूने वस्तरा घासला, स्वतःच्या मनगटावर फिरवून पाहिला — लव साफ. मग तिच्या कपाळापासून मागे एकदा फिरवला. काही नाही. दुसऱ्यांदा फिरवला. तिसऱ्यांदा...

"भाऊसाहेब, काय तरी भलतंच हाय," तो हात मागे घेत म्हणाला. "वस्तरा फिरतोय, पन केस पडत नाय."

तेवढ्यात माजघरातून किंकाळी आली.

धावत गेलो. मामा पाटावरच, दोन्ही हात डोक्यावर. मोठा घेर राखलेली, हातभर लांब शेंडी त्यांची. ती समोर पोथीवर पडली होती. डोक्यावर पुढून मागे गेलेले तीन पट्टे, गुळगुळीत. रक्ताचा थेंब नाही. ओटीच्या दाराला आतून कडी होती. दुसरी वाट स्वयंपाकघरातून, तिथे मामी चुलीपुढे बसलेल्या. आत कुणी आलं नाही, गेलं नाही.

मी ते केस उचलले. मामांची आंघोळ उजाडताच झालेली, अंग कोरडं, कदही कोरडा. पण केस ओले होते. ओले आणि कोमट! माझ्या बोटांतून पाणी पोथीवर ठिबकत होतं. शी! अजूनही जेवताना ते आठवलं की हातातला घास खाली ठेवतो.

आणि मामा काय ओरडत होते? "माझी शेंडी! अरे, थांबवा त्या न्हाव्याला! माझे केस! माझे!" वीस वर्षं ज्यांना 'माझं' म्हणून काही नव्हतं, ते मामा.

राघूला तेव्हाच वाटेला लावला. द्वारकीच्या डोक्याला पुन्हा वस्तरा लागला नाही. दया आली म्हणून? छे! रोज सकाळी मामा मला विचारायचे, "तिच्या डोक्याला काही झालं नाही ना रे?" आणि विचारता विचारता स्वतःचं पागोटं चाचपायचे. लोकांना सांगितलं, मुलीला टाळूचा विकार आहे, डॉक्टरने मनाई केली आहे. प्रवचन चालूच आहे. जग नाही, देह नाही... फक्त पागोटं काही डोक्यावरून उतरत नाही. शेंडी परत उगवलीच नाही.

द्वारकी आता माझ्या बिऱ्हाडी असते. हसते, बोलते. पण कळशी माझ्या हातात दिसली की बाजूला होते. परवा धीर करून विचारलं, "त्या दिवशी तू मनात काही म्हणत होतीस का गं? देवाचं नाव, काही?"

"नाही रे," ती म्हणाली. "तू आता थांबवशील, मग थांबवशील, एवढीच वाट बघत होते."

तुम्ही मला शेंडीचा उलगडा विचाराल. तो मला झालेला नाही. आणि मी ती कळशी का उचलली, त्याचाही झालेला नाही.